जगाविषयीचे सार्वजनिक अज्ञान : छत्रपती संभाजीनगरच्या संदर्भात एक आढावा

जगाचा भूगोल लोकांना किती माहीत आहे हे तपासताना बहुधा नावे विचारली जातात: अमुक देशाची राजधानी कोणती, तो नकाशावर कुठे आहे, तिथले चलन काय. अशा चाचण्यांत जगभरची माणसे नापास होत आली आहेत. अमेरिकेत नॅशनल जिऑग्राफिक संस्थेने २००६ साली १८ ते २४ वयाच्या तरुणांची पाहणी केली. त्या वेळी अमेरिकेचे सैन्य इराकमध्ये लढत होते, तरी सुमारे ६३ टक्के तरुणांना इराक नकाशावर दाखवता आला नाही. रशियाने क्रिमिया ताब्यात घेतल्यानंतर, २०१४ मध्ये झालेल्या दुसऱ्या एका अमेरिकी पाहणीत सहांपैकी जेमतेम एकाला युक्रेनची जागा ओळखता आली. ज्याचा अंदाज खऱ्या जागेपासून जितका लांब, तितका त्याचा लष्करी हस्तक्षेपाला पाठिंबा अधिक, असेही त्यात आढळले. अज्ञानाचा मतावर परिणाम होतो याचा इतका थेट पुरावा क्वचितच मिळतो.

स्वीडनचे हान्स रोसलिंग यांनी वेगळ्या बाजूने तपासणी केली. जगातील दारिद्र्य, लसीकरण, मुलींचे शिक्षण यांवर त्यांनी बारा प्रश्न तयार केले आणि २०१७ मध्ये चौदा देशांतील सुमारे १२,००० लोकांना ते विचारले. प्रत्येक प्रश्नाला तीन पर्याय होते, म्हणजे डोळे मिटून उत्तरे दिली तरी चार बरोबर यायला हवीत. प्रत्यक्षात सरासरी दोनच बरोबर आली. लोकांना माहिती नव्हती एवढेच त्यातून दिसले नाही. त्यांच्या मनात जगाचे एक जुने आणि चुकीचे चित्र पक्के बसलेले होते, हेही दिसले. भारताचे चित्र याहून उजळ नाही. इप्सॉस या संस्थेने २०१६ मध्ये चाळीस देशांतील लोकांना त्यांच्याच देशाची लोकसंख्या, धर्म, आरोग्यखर्च यांविषयी अंदाज विचारले, तेव्हा सर्वाधिक चुकलेल्यांत भारत पहिला आला. भारतात ही पाहणी इंटरनेटवरून झाली होती. म्हणजे चुकणारे बहुतेक शहरी आणि शिकलेले होते. ग्रामीण भागातील १४ ते १८ वयाच्या मुलामुलींची ‘असर’ पाहणी २०१७ मध्ये चोवीस राज्यांतील २८ जिल्ह्यांत झाली. त्यात ६४ टक्क्यांना देशाची राजधानी सांगता आली, आपले राज्य कोणते हे ७९ टक्क्यांना सांगता आले, पण ते नकाशावर दाखवणे ४२ टक्क्यांनाच जमले.

हे आकडे महत्त्वाचे आहेत, मात्र त्यांतून अर्धीच गोष्ट कळते. नकाशा वाचणे हे शिकवावे लागणारे कौशल्य आहे. ज्याने नकाशा हातात धरलेला नाही तो चाचणीत नापास होतो, पण म्हणून त्याला जगाची काहीच जाण नसते असे नाही. उलट दोनशे देशांच्या राजधान्या घडाघडा म्हणणाऱ्याला त्या देशांचा आपल्या गावाशी काय संबंध आहे हे सांगता येत नाही, असेही घडते. नावांचे अज्ञान आणि संबंधांचे अज्ञान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरी अधिक गंभीर आहे. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, हे शहर या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. जगाशी त्याचा संबंध फार जुना आणि आजही रोजचा आहे. तो संबंध शहराच्या सामान्य ज्ञानात मात्र फारसा उतरलेला नाही.

शहराची स्थापनाच एका दूरच्या प्रवासाशी जोडलेली आहे. १६१० मध्ये खडकी, म्हणजे हेच शहर, वसवणारा मलिक अंबर मूळचा इथिओपियाचा. गुलाम म्हणून विकला गेलेला हा मुलगा येमेनमधील मोखा आणि पुढे बगदाद अशा बाजारांतून दख्खनमध्ये आला आणि निजामशाहीचा सूत्रधार झाला. पाणचक्कीजवळ ज्यांचा दर्गा आहे ते बाबा शाह मुसाफिर बुखाऱ्याजवळच्या गिजदुवानचे, म्हणजे आजच्या उझबेकिस्तानातले. चौदाव्या शतकात दौलताबाद पाहून त्याचे वर्णन लिहिणारा इब्न बतूता मोरोक्कोतील टँजियरचा. अजिंठ्याच्या चित्रांतील गडद निळा रंग ज्या दगडापासून केला तो लाजवर्द अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून येत असे. याहून मागे गेले तर पैठण लागते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रप्रवासाच्या मार्गदर्शिकेत पैठण हे भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर आणि तगर, म्हणजे आजचे तेर, त्याच्या पूर्वेला आणखी दहा दिवसांवर असल्याची नोंद आहे. पैठणहून अकीक जातीचे खडे आणि तेरहून कापड बैलगाड्यांनी भडोचला आणि तिथून रोमन साम्राज्याच्या बंदरांकडे जात असे. तेरला सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती आणि इटलीतील पाँपेई येथे सापडलेली मूर्ती यांतील साम्य विद्वानांनी फार पूर्वीच दाखवले आहे.

ही माहिती जिल्ह्याच्या इतिहासात सापडते, पण ती ‘आपल्या भागाचे वैभव’ म्हणून सांगितली जाते. मोखा कुठे आहे, बुखाऱ्याहून दख्खनपर्यंत माणसे कोणत्या वाटेने येत, हे विद्यार्थ्याने नकाशावर बोट ठेवून पाहावे अशी अपेक्षा कोणी करत नाही. इतिहास आणि भूगोल यांची इथे फारकत होते. जगाच्या भूगोलाची इतकी सोपी वाट दारातून जात असताना ती वापरली जात नाही, ही खरोखर खेदाची बाब आहे.

आजचे धागे याहून घट्ट आहेत आणि त्यांचा थेट संबंध पोटापाण्याशी आहे. खताच्या दुकानातील डीएपीची गोणी हे त्याचे सर्वांत सोपे उदाहरण. डीएपीसाठी लागणारा फॉस्फेट खडक भारतात पुरेसा नाही. जगातील ज्ञात साठ्यांपैकी सुमारे ७० टक्के मोरोक्कोत, त्यातही काही भाग वादग्रस्त पश्चिम सहारात आहे. तयार डीएपी सौदी अरेबिया, मोरोक्को, चीन अशा देशांतून येते. पोटॅश तर जवळजवळ पूर्णपणे आयात होते. कॅनडा, रशिया आणि बेलारूस हे त्याचे मोठे उत्पादक आहेत. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनच्या हुथी गटाने तांबड्या समुद्रातील जहाजांवर हल्ले सुरू केल्यावर अनेक जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, चीननेही निर्यातीवर निर्बंध घातले, आणि २०२४ च्या रब्बीत डीएपीसाठी रांगा लागल्या. टंचाईचा दोष दुकानदार आणि सरकार यांच्यावर आला. त्यांचा वाटा असेलही. पण रांगेत उभ्या असलेल्या शेतकऱ्याला त्या समुद्राच्या तोंडाशी असलेली बाब-अल-मंदेबची सामुद्रधुनी कोणी दाखवली नव्हती.

मक्याची गोष्टही अशीच आहे. सिल्लोड, कन्नड, फुलंब्री हे तालुके मक्याचे. तिथल्या शेतात शिरलेली अमेरिकन लष्करी अळी मूळची अमेरिका खंडातली. २०१६ मध्ये ती पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत आढळली, दोन वर्षांत तिने तो खंड व्यापला आणि मे २०१८ मध्ये ती कर्नाटकात नोंदवली गेली. त्यानंतर थोड्याच काळात महाराष्ट्रातील मका तिच्या तावडीत सापडला. आफ्रिकेतील दोन हंगामांच्या बातम्या इकडे शेतीच्या पानावर वेळीच आल्या असत्या तर अळी थांबली नसती, परंतु ओळखायला लागलेला वेळ नक्की वाचला असता. कापसाचा भाव न्यूयॉर्कच्या वायदेबाजाराशी बांधलेला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावले आणि त्याच महिन्यात भारत सरकारने कापसावरील ११ टक्के आयातशुल्क तात्पुरते उठवले, तेव्हा या दोन निर्णयांचा परिणाम मराठवाड्यातील कापूस वेचणीला येण्याआधीच ठरून गेला होता.

कापसाच्या बाबतीत महाराष्ट्राला हा धडा पूर्वीही मिळालेला आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना तिथला कापूस इंग्लंडला पोहोचेना, म्हणून पश्चिम भारतातील कापसाला अभूतपूर्व भाव आला. सावकारांनी हात सैल सोडून कर्ज दिले. युद्ध संपले, भाव कोसळला, कर्ज राहिले आणि त्यात सरकारने सारा वाढवला. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सुरू झालेल्या आणि अहमदनगरपर्यंत पसरलेल्या दंग्यांत शेतकऱ्यांनी कर्जखते जाळली. त्यांच्या संकटाची एक मोठी मुळी व्हर्जिनियाच्या रणांगणात होती. हे कळून कर्ज फिटले नसते. पण तेजी टिकणारी नाही एवढे तरी उमगले असते.

पावसाच्या बाबतीत मात्र परिस्थिती पुष्कळ बदलली आहे. पेरू आणि इक्वेडोरसमोरील प्रशांत महासागराचे पाणी तापले की भारतातील मोसमी पाऊस अनेकदा कमी पडतो, हे आज मराठवाड्यातील शेतकरी जाणतो. ‘अल निनो’ हे नाव बांधावर ऐकू येते. २०१४ आणि २०१५ ही लागोपाठची अवर्षणाची वर्षे, एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने न्यावे लागलेले पाणी आणि २०२३ मध्ये जायकवाडीच्या नाथसागरात आलेली तूट यांमुळे ही माहिती लोकांनी गरजेपोटी आत्मसात केली. त्यातही एक अपुरेपणा आहे. अल निनो म्हणजे दुष्काळच, असे समीकरण रूढ झाले आहे. १९९७ साली विसाव्या शतकातील अत्यंत प्रबळ अल निनो असूनही भारतात पाऊस सर्वसाधारण झाला. हिंदी महासागराचा पूर्व आणि पश्चिम भाग कमीअधिक तापण्याचाही त्यात वाटा असतो, हा भाग अजून बातम्यांच्या पलीकडे गेलेला नाही. तरीही हे उदाहरण मोलाचे आहे: गरज आणि सातत्याने मिळणारी माहिती एकत्र आली तर दूरच्या महासागराचा भूगोलही सामान्य ज्ञान होतो.

उद्योगांच्या पट्ट्यात असे ज्ञान कारखान्याच्या आत राहते. वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना १९८५ पासून आहे आणि तिथून वाहने निर्यात होतात. बजाजच्या ‘बॉक्सर’ दुचाकी नायजेरियात प्रवासी वाहतुकीसाठी चालतात. जून २०२३ मध्ये नायजेरियाने आपल्या नैरा या चलनाचे मोठे अवमूल्यन होऊ दिले, तेव्हा कंपनीच्या निर्यातीला फटका बसला. शेंद्र्यात २००१ पासून चेक कंपनी स्कोडाच्या गाड्या जुळवल्या जातात. कोरियन, जर्मन, स्विस कंपन्याही या पट्ट्यात आहेत. नायजेरियात काय घडते याचा वाळूजमधील पाळ्यांशी आणि ओव्हरटाइमशी संबंध आहे, हे निर्यात विभागाला ठाऊक असते. शहराला ते ठाऊक नसते. कारण आफ्रिका खंड म्हणजे जणू एकच देश, ही समजूत सुशिक्षितांतही टिकून आहे.

शहरात जगाविषयी माहिती मुळीच नाही, असे म्हणणे म्हणूनच चूक ठरेल. ती तुकड्यांत आहे, आणि ते तुकडे समाजांनुसार वाटले गेले आहेत. हज-उमराह आणि आखातातील नोकऱ्यांमुळे अनेक मुस्लिम कुटुंबांना जेद्दा, रियाध, दुबई, दोहा यांचा परिचय घरच्यासारखा असतो. पश्चिम आशियातील घडामोडी उर्दू वाचकांपर्यंत अधिक तपशिलाने पोहोचतात. आंबेडकरी बौद्ध समाजाला श्रीलंका, थायलंड, म्यानमार, जपान हे धम्माचे देश म्हणून जवळचे आहेत. स्वतः डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५० मध्ये कोलंबोला, १९५४ मध्ये रंगूनला आणि नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूला बौद्ध परिषदांसाठी गेले होते. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत वा जर्मनीत असलेल्या मध्यमवर्गीय घरांना व्हिसाचे नियम, तिथली घरभाडी आणि हिमवर्षाव यांची खडान्‌खडा माहिती असते. अजिंठा-वेरूळचे काही मार्गदर्शक परकीय भाषा शिकून पर्यटकांशी त्यांच्याच भाषेत बोलतात. या सर्वांचे ज्ञान एकमेकांत मिसळले तर एका शहरात जवळजवळ सगळा आशिया माहीत असलेले लोक निघतील. पण ते मिसळण्याची जागा, म्हणजे शाळा आणि वर्तमानपत्र, त्यासाठी वापरली जात नाही.

ही विभागणी काही अंशी इतिहासातून आलेली आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठासाठी जगाच्या इतिहास-विज्ञानावरील ग्रंथ उर्दूत आणण्याचे मोठे काम झाले. उर्दूच्या प्रसाराची अंजुमन तरक्की-ए-उर्दू ही संस्था मौलवी अब्दुल हक यांच्या नेतृत्वाखाली वीसपेक्षा अधिक वर्षे याच शहरातून चालली. त्याच शहरात मराठी शिक्षणासाठी १९१५ मध्ये सरस्वती भुवन संस्था उभी राहिली, पण मराठी मुलांना हे जागतिक ज्ञान आपल्या भाषेत मिळायला बराच काळ जावा लागला. पलीकडे पुण्यात श्रीधर व्यंकटेश केतकरांनी आपल्या ज्ञानकोशाच्या प्रस्तावनाखंडाचा पहिलाच भाग ‘हिंदुस्थान आणि जग’ या विषयाला दिला होता. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये आला. त्यात देशादेशांवरील नोंदी विस्तृत आणि भरवशाच्या आहेत, मात्र सुरुवातीच्या खंडांतील जग सोव्हिएत संघ फुटण्यापूर्वीचे आहे. गोविंद तळवलकर, वि. ग. कानिटकर, अलीकडे गिरीश कुबेर यांनी परदेशांच्या राजकारणावर आणि तेलाच्या इतिहासावर मराठीत चांगली पुस्तके लिहिली. मराठीत साहित्य नाही, ही सबब टिकत नाही. ते अभ्यासक्रमापर्यंत पोहोचलेले नाही, हे खरे.

शाळेचा क्रम जवळून दूर जाणारा आहे: तिसरीत जिल्हा, मग राज्य, मग देश, मग जग. हा क्रम बालमानसाला धरून आहे, पण प्रत्येक पायरीवर मागची पायरी सुटते. जिल्हा शिकताना जग दिसत नाही आणि जग शिकताना जिल्हा विसरलेला असतो. दहावीचे सध्याचे भूगोलाचे पुस्तक २०१८ पासून आहे आणि ते भारत व ब्राझील यांच्या तुलनेवर उभे आहे. स्थान, हवामान, नद्या, लोकसंख्या, व्यवसाय प्रत्येक बाबतीत दोन देश शेजारी ठेवून मुलांना विचार करायला लावण्याची ही पद्धत उत्तम आहे आणि बालभारतीच्या जुन्या पुस्तकांपेक्षा कितीतरी पुढची आहे. तिची मर्यादा निवडीत आहे. दहावी पास झालेल्या मुलाला ॲमेझॉनचे खोरे आणि ब्राझीलची उच्चभूमी सांगता येते. म्यानमार, बांगलादेश किंवा इराण यांच्याविषयी तो चार वाक्ये बोलू शकत नाही. संयुक्त राष्ट्रे, भारताचे परराष्ट्र धोरण, शेजारी देशांशी संबंध हे विषय नववीच्या राज्यशास्त्रात आहेत. नववीला बोर्डाची परीक्षा नसल्याने त्यांच्याकडे दुर्लक्ष करणे सोपे जाते.

परीक्षेतील स्थान तर स्पष्टच आहे. भूगोलाची लेखी परीक्षा ४० गुणांची आणि वेळापत्रकात बहुधा शेवटी येणारी. मार्च २०२० मध्ये करोनामुळे दहावीचा नेमका भूगोलाचाच पेपर राहिला. तो रद्द झाला आणि राज्यातील १७ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांना इतर विषयांच्या सरासरीवरून गुण दिले गेले. त्या परिस्थितीत दुसरा मार्ग नव्हता. मात्र विज्ञान शाखेकडे वळलेल्या लाखो मुलांचे भूगोलाचे शिक्षण दहावीलाच संपते, त्यामुळे त्या वर्षीच्या मुलांचा या विषयाशी शेवटचा संबंध न झालेल्या परीक्षेपाशी थांबला. पुढे तो पुन्हा जुळतो तो स्पर्धा परीक्षांच्या वर्गात. तिथे ‘चालू घडामोडी’ म्हणून परिषदा, त्यांची ठिकाणे, निर्देशांकांतील भारताचा क्रमांक अशी माहिती पाठ होते. मेहनत प्रचंड असते. दोन घटनांमधला दुवा विचारला जात नाही, म्हणून तो शोधलाही जात नाही.

भिंतीवरचा नकाशाही निर्दोष नसतो. मर्केटर पद्धतीच्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढे दिसते. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदा पट आहे. लहानपणी डोळ्यांत बसलेली ही मापे नंतर पुसली जात नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये आफ्रिकन महासंघाने असे नकाशे बदलण्याच्या मोहिमेला पाठिंबा दिला, तो याच कारणाने.

वर्तमानपत्रांच्या बाबतीत अडचण पैशाची आणि दृष्टीची अशी दुहेरी आहे. शहरातून लोकमतची आवृत्ती १९८२ पासून निघते; दिव्य मराठीची सुरुवात २०११ मध्ये येथूनच झाली. वाचक मोठा आहे. तरीही मराठी दैनिकांचे कायमचे परदेशी वार्ताहर जवळजवळ नाहीत; परदेशी बातमी वृत्तसंस्थेकडून येते आणि ‘देश-विदेश’च्या पानावर आक्रसून बसते. अमेरिका, पाकिस्तान, चीन आणि अपघात-आपत्ती यांखेरीज जगाला जागा मिळते ती तिथे भारतीय अडकले तर. एप्रिल २०२३ मध्ये सुदानमध्ये सुरू झालेल्या युद्धाने एक कोटीहून अधिक लोकांना विस्थापित केले. मराठी वाचकाला ते मुख्यतः ‘ऑपरेशन कावेरी’मुळे कळले आणि भारतीय परतताच विषय संपला. ज्या पोर्ट सुदानमधून त्यांना बाहेर काढले ते बंदर जवळपास छत्रपती संभाजीनगरच्याच अक्षवृत्तावर आहे. वृत्तवाहिन्यांवर परदेशी युद्धे ग्राफिक्स आणि सायरनच्या आवाजात दाखवली जातात, त्यांची कारणे क्वचितच सांगितली जातात. मोबाइलने माहिती हातात आणून दिली हे खरे, आणि राजधान्या पाठ करण्याची गरज त्यामुळे कमी झाली हेही खरे. पण शोधायचे काय हे माहीत असणाऱ्यालाच त्याचा लाभ होतो. इतरांपर्यंत व्हॉट्सॲपवरून पुढे ढकललेला जुना व्हिडिओ आधी पोहोचतो.

या अज्ञानाची सर्वांत जड किंमत घर सोडून बाहेर जाणारे मोजतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले तेव्हा महाराष्ट्रातील वैद्यकीय विद्यार्थी खार्किव्हसारख्या शहरांत अडकले. कोणत्या सीमेकडे निघायचे, पोलंड की रोमानिया, खार्किव्हहून ती सीमा किती लांब, हे पालकांना त्या आठवड्यात शिकावे लागले. ‘ऑपरेशन गंगा’तून सुमारे २२,५०० भारतीय परतले. प्रवेश घेताना या घरांनी शुल्क आणि मान्यता पाहिली होती. क्रिमिया आठ वर्षांपूर्वीच गेला होता आणि पूर्व युक्रेनमध्ये तेव्हापासून लढाई चालू होती, ही बाब प्रवेश देणाऱ्या एजंटांनी सांगितली नाही आणि कोणी विचारलीही नाही. अलीकडे थायलंडमध्ये संगणकावरच्या नोकरीचे आमिष दाखवून तरुणांना म्यानमारच्या म्यावड्डीतील सायबर-फसवणुकीच्या तळांवर नेले जाते. त्यात महाराष्ट्रातील तरुणही होते. मार्च २०२५ मध्ये भारतीय वायुसेनेच्या विमानांनी तिथून सुटलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना थायलंडमधील मे सोतहून परत आणले. मे सोत बँकॉकपासून सुमारे ५०० किलोमीटरवर, मोई नदीच्या काठी, अगदी सीमेवर आहे. बँकॉकमधील नोकरीसाठी गाडी रात्रभर पश्चिमेकडे का धावते आहे, हा प्रश्न नकाशा पाहिलेल्याला पडू शकतो. परदेशी नोकरीसाठी नोंदणीकृत एजंट तपासण्याची सोय परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर आहे. तिची माहिती महाविद्यालयांच्या सूचनाफलकांवर लावायला खर्च येत नाही.

सुधारणेच्या वाटा या पाहणीतूनच दिसतात. अल निनोचे उदाहरण सांगते की माहिती हंगामाशी जोडली तर ती टिकते. म्हणून कृषी विभागाच्या खरीप-रब्बी बैठकांत खताच्या साठ्याबरोबर ते खत कोणत्या देशातून, कोणत्या समुद्रमार्गाने येते हे सांगता येईल. शाळांच्या सहली पाणचक्की, खुलताबाद, पैठण, अजिंठा येथे जातातच. सहलीनंतर मलिक अंबरची किंवा लाजवर्दची वाट जगाच्या नकाशावर आखण्याचे काम एका तासाचे आहे. दहावीच्या पुस्तकात ‘क्षेत्रभेट’ हा पाठ आहे. वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्याला भेट देऊन मालाचा देशापरत्वे तक्ता करणे त्यात सहज बसते. आखातातून परतलेला कामगार, युक्रेनहून परतलेली डॉक्टर, परकीय भाषा बोलणारा मार्गदर्शक यांना वर्गात बोलावण्यासाठी शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. पुस्तकांतील बदल मात्र वेळापत्रकाने होईल. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील अभ्यासक्रम २०२५-२६ मध्ये पहिलीपासून बदलू लागला असून जाहीर टप्प्यांप्रमाणे दहावीची पाळी २०२८-२९ मध्ये येते. तोवर दहावीतील मुले भारताशेजारी ब्राझील ठेवूनच जग शिकतील. शेजारचे देश शिकवायचे की नाही, हे त्या त्या शिक्षकावर राहील.